दाद, हुर्यो आणि मामाची झोप

माझा मामा सिनेमात झोपायचा. डुलकी वगैरे नाही, चपला काढून, पाय पुढच्या खुर्चीखाली सरकवून, हाताची घडी घालून रीतसर झोप. बँकेत कारकून होता आणि वर्षानुवर्षं पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीचा सभासद. नव्वदच्या दशकात मला मिसरूड फुटल्यावर तो मलाही लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात घेऊन जाऊ लागला. दिवे मालवले की वीसेक मिनिटांत त्याचा श्वास जड व्हायचा. शेवटची पाटी आली की कुणी चावी दिल्यासारखा उठायचा आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"झोपलास ना मामा?" बाहेर आल्यावर मी विचारायचो.

"झोपलो की. पण घरी नाही झोपलो, इथे येऊन झोपलो. फरक आहे."

फरक काय, ते त्याने कधी सांगितलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीचंही म्हणणं साधारण हेच होतं. प्रेक्षकाला थिएटरात झोपू देणारे सिनेमे त्याला आवडत. असे काही सिनेमे बघताना आपल्याला डुलकी लागली, पण त्यांनीच नंतर रात्रीच्या रात्री जागं ठेवलं, असं तो म्हणे. फ्रान्समधल्या कान महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालेला माणूस बोलला की ते चिंतन होतं. मामा बोलला की आमच्या घरात हशा पिकायचा.

हे आठवायचं कारण एक चित्रफीत. मध्यंतरी झोप येत नव्हती म्हणून यूट्यूब चाळत बसलो होतो, तर १९८३ च्या कान महोत्सवाचा पारितोषिक समारंभ समोर आला. कानचं आताचं महोत्सव भवन त्या वर्षी पहिल्यांदा वापरात आलं होतं. काँक्रीटचा तो ठोकळा बघून लोकांनी त्याचं नाव 'बंकर' ठेवलं. पारितोषिक द्यायला मंचावर ऑर्सन वेल्स, 'सिटिझन केन'चा अमेरिकी दिग्दर्शक. त्याचा तो प्रचंड देह, दाढी, आणि त्याच्या नुसत्या येण्यानं कोसळलेल्या टाळ्या. त्या वर्षी एक खास मोठं पारितोषिक दोघांत विभागून दिलेलं. एक सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की, 'नॉस्टॅल्जिया'साठी. दुसरा फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ, 'लार्जाँ'साठी. लार्जाँ म्हणजे पैसा.

ब्रेसाँचं नाव पुकारलं आणि हुर्यो उठली. टाळ्याही होत्या, नव्हत्या असं नाही. पण टाळ्यांच्या पोटातून येणारी ती ओरड लपत नाही. हे ओरडणारे काही जत्रेतल्या तंबूत मांडी घालून बसलेले लोक नव्हते. काळे सूट, बो, उंची झगे. आणि मंचावर ८१ वर्षांचा माणूस. त्याचा हा शेवटचा सिनेमा ठरला. १९९९ पर्यंत तो जगला, पण पुन्हा सिनेमा केला नाही.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणू. त्याच्या जोडीनं पारितोषिक घेणारा तारकोव्हस्की ब्रेसाँला जवळजवळ दैवत मानायचा. त्या संध्याकाळी तारकोव्हस्कीही खूश नव्हता. परीक्षकांत सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई बोंदार्चुक होता आणि त्यानेच आपलं मुख्य पारितोषिक अडवलं असा तारकोव्हस्कीचा ग्रह होता. पाम दोर गेला जपानच्या इमामुराकडे. म्हणजे मंचावर दोन थोर माणसं. एकाला हुर्यो मिळते आहे, दुसऱ्याला टाळ्या मिळूनही त्याच्या मनात कडूपणा. आणि मध्ये वेल्स, ज्याला सगळं जग टाळ्या देत होतं पण सिनेमा करायला पैसे कुणी देत नव्हतं.

मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. पहिल्यांदा त्या ओरडणाऱ्यांचा राग आला. दुसऱ्यांदा मी ब्रेसाँकडेच बघत राहिलो. तिसऱ्यांदा मात्र, सांगायला जरा संकोच वाटतो, मला त्या ओरडणाऱ्यांचा हेवा वाटला.

का, ते सांगायला आधी आमच्या पुण्यात यावं लागेल.

पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून भरतो. जानेवारीतली थंडी, गळ्यात पास, हातात वेळापत्रकाची घडी, कोथरूडच्या मल्टिप्लेक्सबाहेर कोपऱ्यापर्यंत गेलेली रांग. त्या रांगेत मी आयुष्यातले कितीतरी तास घालवले असतील. तिथे सिनेमा सुटल्यावर काय ऐकू येतं ते मला पाठ आहे. "वेगळा होता." हा पहिला शेरा. "फोटोग्राफी सुंदर." हा दुसरा. "जरा स्लो होता, पण..." आणि मग त्या 'पण'नंतर काहीच नाही. 'कळला नाही' असं म्हणणारा माणूस मी त्या रांगेत क्वचितच पाहिला. 'भिकार होता' म्हणणारा त्याहून क्वचित. दिग्दर्शक नावाजलेला असेल तर अजिबात नाही. पाहुण्यांच्या ताटातलं नावडतं गुपचूप संपवावं तसं आम्ही सिनेमे संपवतो. वर टाळ्याही वाजवतो.

हे मूळचं आमचं वळण नव्हे. संगीत नाटकाच्या काळात पदाला वन्स मोअर घेणारा आणि नाटक बसत नसेल तर तेही नटाच्या तोंडावर सांगणारा प्रेक्षक याच मातीतला. हुर्यो हा शब्द आमचाच, तो काही फ्रेंचांनी दिलेला नाही. मराठीत 'दाद' हा शब्द किती विलक्षण आहे बघा. गवयाला आपण दाद देतो. अन्याय झाला की कोर्टात दाद मागतो. एखादा अडेल माणूस कुणालाच दाद देत नाही. आणि एखादा धूर्त माणूस दाद लागू देत नाही. हे चारही अर्थ एकाच थिएटरात, एकाच खेळाला खरे होताना मी पाहिले आहेत. दिग्दर्शक दाद लागू देत नाही, म्हणून प्रेक्षक दाद मागतो. ब्रेसाँच्या नावावर ओरडणारे लोक, मला वाटतं, दाद मागत होते.

त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. 'लार्जाँ'ची गोष्ट टॉलस्टॉयच्या एका कथेवरून घेतलेली. पाचशे फ्रँकची एक खोटी नोट शाळकरी पोरांकडून फोटोच्या दुकानात, तिथून एका साध्या कामगाराच्या हातात येते आणि त्याचं आयुष्य मुळासकट उपटून टाकते. शेवट रक्तात होतो. एवढं सगळं घडत असताना पडद्यावर कुणाचा चेहरा हलत नाही. ब्रेसाँ नटांना घेतच नसे. साधी माणसं घ्यायचा, त्यांना 'मॉडेल' म्हणायचा, आणि एकच वाक्य इतक्यांदा बोलवून घ्यायचा की त्यातला अभिनय झडून जावा. चेहऱ्यांऐवजी तो हात दाखवतो. नोट घेणारे हात, दार उघडणारे हात, कॉफीचा वाडगा धरणारे हात. दिवसभर काम करून, नटूनथटून आलेल्या माणसाला असा ८५ मिनिटांचा थंड सिनेमा दाखवलात तर त्याच्या मनात काहीतरी पेटणारच. आणि मग वर त्याच सिनेमाला पारितोषिक! हुर्यो करणाऱ्यांनी सिनेमा निदान पूर्ण पाहिला होता, तो त्यांना बोचला होता. पुण्याच्या रांगेतल्या 'वेगळा होता'मध्ये बोचल्याची खूण कुठे असते?

कानमधल्या हुर्योची परंपरा मोठी आहे. सगळ्यात गाजलेली १९६० ची. इटालियन दिग्दर्शक मिकेलान्जेलो अन्तोनिओनीचा 'लाव्हेन्तुरा'. सिसिलीजवळच्या एका खडकाळ बेटावर श्रीमंत मंडळी सहलीला जातात आणि त्यातली एक मुलगी नाहीशी होते. तिचा शोध सुरू होतो. हळूहळू शोधणाऱ्यांनाच तिचा विसर पडतो. सिनेमा संपतो आणि ती सापडत नाही. सापडत तर नाहीच, कुठे गेली तेही कळत नाही. कानच्या प्रेक्षकांनी लांबलचक दृश्यांना हसायला सुरुवात केली, "कट! कट!" अशा आरोळ्या दिल्या. नायिका मोनिका व्हित्ती रडत बाहेर पडली.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. दुसऱ्या दिवशी एक पत्रक निघालं. रोबेर्तो रोस्सेलिनी आणि आणखी काही दिग्दर्शक-समीक्षकांनी सह्या केल्या: हा सिनेमा आम्हांला थोर वाटतो आणि कालच्या वागण्याचा आम्ही निषेध करतो. एका रात्रीत. ना ट्विटर, ना व्हॉट्सॲप. हॉटेलात, कॅफेत एकमेकांना गाठून कागद फिरवला असणार. कादंबरीकार जॉर्ज सिमेनॉन परीक्षकांचा अध्यक्ष होता. पाम दोर फेल्लिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'ला गेला, पण अन्तोनिओनीला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. आणि अवघ्या दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानं समीक्षकांकडून सर्वकालीन श्रेष्ठ सिनेमांची यादी करवली तेव्हा 'लाव्हेन्तुरा' दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिला 'सिटिझन केन'.

यावरून 'हुर्यो करणारे मूर्ख आणि सह्या करणारे शहाणे' असा हिशेब लावणं सोपं आहे. फिल्म सोसायटीच्या वर्तुळात तो लावलाही जातो. मला तो पुरता पटत नाही. ती मुलगी सापडली नाही म्हणून चिडलेला माणूस त्या मुलीत गुंतलेला होता. पडद्यावरच्या तिच्या मित्रांपेक्षा थिएटरातल्या त्या चिडक्यांनाच तिची जास्त काळजी होती, असं म्हटलं तर? अन्तोनिओनीला नेमकं हेच करायचं असेल तर १९६० ची ती संध्याकाळ सिनेमाला मिळालेली सर्वांत खरी दाद होती. अर्थात मोनिका व्हित्तीला हे तेव्हा जाऊन कुणी सांगायला नको होतं.

पस्तीस वर्षांनी, १९९५ मध्ये, याच अन्तोनिओनीला मानद ऑस्कर दिलं. दहा वर्षांपूर्वीच्या पक्षाघातानं त्याची वाचा जवळजवळ गेली होती. जॅक निकल्सननं पुरस्कार दिला, बायको शेजारी उभी राहून त्याच्या वतीनं बोलली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यातल्या किती जणांनी ते बेट, तो शोध शेवटपर्यंत पाहिला असेल, असा एक दुष्ट विचार माझ्या मनात दर वेळी येतो. हुर्यो झाली तेव्हा त्याला तोंड होतं. टाळ्या झाल्या तेव्हा 'ग्रात्सिए' एवढाच शब्द त्याच्यापाशी उरला होता.

उत्तर द्यायचं तर फ्रेंच दिग्दर्शक मोरीस पियालासारखं. १९८७, कान, पाम दोर जाहीर झाला आणि शिट्ट्या, हुर्यो. पियाला मंचावर आला, मूठ वर केली आणि म्हणाला की तुम्हांला मी आवडत नसेन तर सांगून ठेवतो, मलाही तुम्ही आवडत नाही. मामाला ही गोष्ट मी सांगितली होती तेव्हा तो मांडीवर थाप मारून हसला होता. "बँकेत काउंटरवर बसून मला रोज हेच म्हणायचं असायचं."

तर २०२२. डिसेंबरात मी तिरुवनंतपुरमला गेलो, केरळच्या महोत्सवाला. त्या वर्षी जीवनगौरव होता हंगेरीचा दिग्दर्शक बेला तार याला. तिथल्या प्रेक्षकांबद्दल खूप ऐकलं होतं आणि ते सगळं खरं निघालं. खुर्च्या भरल्या की पायऱ्यांवर, पायऱ्या भरल्या की जमिनीवर. कॉलेजची पोरं, शाळामास्तर, संघटनांचे कार्यकर्ते, पांढऱ्या मुंडूतले आजोबा. वाद थिएटरात सुरू होतो, चहाच्या टपरीवर वाढतो आणि रात्रीच्या बसमध्येही चालू राहतो. ही मंडळी सगळंच मोठ्यानं करतात. पडद्यावर आवडत्या दिग्दर्शकाचं नाव उमटलं की टाळ्या, शिट्ट्या. आपल्याकडे एखाद्या हिरोच्या प्रवेशाला होतात तशा. समारोपाच्या भाषणात त्यांनी हुर्योही केली. कुणा दिग्दर्शकाला नाही, भाषणाला.

आणि उद्घाटनाला एक वेगळाच क्षण. त्या वर्षीचा 'स्पिरिट ऑफ सिनेमा' पुरस्कार इराणच्या महनाझ मोहम्मदी या दिग्दर्शिकेला होता. तिला देशाबाहेर पडता येईना. तिच्या वतीनं ग्रीक दिग्दर्शिका अथिना राकेल त्सांगारी आली आणि तिनं मंचावरून महनाझनं पाठवलेली केसांची बट उंच धरली. कापलेली बट. इराणमध्ये बायका रस्त्यावर उतरून केस कापत होत्या, ते दिवस. तेव्हा झालेल्या टाळ्यांबद्दल मला काही विनोद सुचत नाही.

याच शहरात २०१३ साली कोरियाचा दिग्दर्शक किम की-डुक आला होता. रस्त्यातून चालताना लोक त्याला ओळखत, गराडा घालत. त्याच्या स्वतःच्या देशात मिळत नसेल एवढं प्रेम त्याला केरळात मिळालं. पुढे २०१८ मध्ये त्याच्याबरोबर काम केलेल्या स्त्रियांनी त्याच्यावर गंभीर आरोप केले. २०२० मध्ये तो लाटव्हियात कोविडनं गेला. त्या गराड्यात असलेल्या एका मल्याळी मित्राला मी विचारलं, आता काय वाटतं? तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, टाळ्या परत घेता येत नाहीत ना. मी विषय बदलला.

बेला तारकडे येतो. 'द ट्युरिन हॉर्स'. २०११ चा, आणि आता यानंतर कथापट करणार नाही असं त्याने जाहीर केलेला. १४६ मिनिटं, अवघे तीसेक शॉट. माळावर एकटं घर, बाप, मुलगी आणि घोडा. बाहेर वारा सुटलेला, तो सहा दिवस थांबत नाही. घोडा चालेनासा झालाय, खाईनासा झालाय. बापाचा एक हात लुळा. रोज मुलगी बटाटे उकडते, रोज दोघं ते खातात. एवढंच.

पडद्यावर बेला तारचं नाव आलं आणि थिएटर दणाणलं. मीही टाळ्या वाजवल्या. उत्साहात अर्धवट उभासुद्धा राहिलो. मग वारा सुरू झाला.

बापाचं ते बटाटा खाणं मी विसरणार नाही. एकच हात धड. वाफाळता बटाटा त्याच हातानं कसाबसा सोलतो, बोटं भाजतात, फुंकतो, तोंडात कोंबतो. शेजारी जमिनीवर बसलेल्या एका आजोबांनी त्या दृश्याला जिभेनं 'च्च' केलं. भाजलं असणार, या अर्थी. मला एकदम कानचीच एक जुनी गोष्ट आठवली. १९५६ मध्ये 'पथेर पांचाली' दाखवला तेव्हा समीक्षक असलेला फ्रान्स्वा त्रुफो उठून गेला आणि हातानं जेवणाऱ्या शेतकऱ्यांचा सिनेमा आपल्याला बघायचा नाही अशा अर्थाचं काही म्हणाला, असं सांगतात. त्याच महोत्सवात त्या सिनेमाला 'उत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून गौरवलं. आणि इथे, तिरुवनंतपुरमच्या थिएटरात, हंगेरियन शेतकऱ्याचं हातानं जेवणं हा काही विषयच नव्हता. त्याची बोटं भाजली, एवढंच आजोबांना दिसलं.

आता कबुली. मी उठून गेलो.

सिनेमातला तिसरा दिवस होता. पुन्हा बटाटे. मला भूक लागलेली. शिवाय पुढच्या खेळाची रांग दुसऱ्या थिएटरबाहेर एव्हाना लागली असेल, आत्ता निघालो नाही तर जागा मिळणार नाही, हे डोक्यात घोळायला लागलं. महोत्सवाचा हा एक रोगच आहे. माणूस एका सिनेमात बसून दुसऱ्याची वेळ बघत असतो. पायऱ्यांवर बसलेल्या पोरांच्या पायांवरून, गुडघ्यांवरून माफी मागत मागत मी दारापर्यंत पोचलो. एकानंही वर मान करून पाहिलं नाही. बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या तट्टुकडेवर, म्हणजे खाण्याच्या टपरीवर, गरम दोसा आणि ऑम्लेट मागवलं. हातानं, फुंकून फुंकून खाल्लं. तिसऱ्या घासाला मी काय करतोय ते माझ्या लक्षात आलं आणि पुढचा दोसा मला गेला नाही.

पुढच्या खेळालाही जागा मिळाली नाही, हे ओघानं आलंच.

त्या रात्री लॉजवर पडल्या पडल्या विचार करत होतो. मी टाळ्या कशाला वाजवल्या? सिनेमा तर सुरूही व्हायचा होता. त्या टाळ्या नावाला होत्या, वर्षानुवर्षं त्या नावाबद्दल जे वाचलं होतं त्याला होत्या, आणि खरं सांगायचं तर, ते नाव मला माहीत आहे याला होत्या. स्वतःचीच पाठ थोपटणं. ब्रेसाँच्या नावावर ओरडणाऱ्या त्या बो-वाल्यांनी निदान पाहून ओरडा केला. मी न पाहता दाद दिली आणि पाहायची वेळ आली तेव्हा भुकेचं निमित्त केलं.

जीवनगौरव या प्रकाराचाच हा घोळ असावा. तो येतो तेव्हा सिनेमे बहुधा करून झालेले असतात. कधी माणूसच येऊ शकत नाही. केरळच्या त्या महोत्सवाच्या आदल्या महिन्यात पणजीला इफ्फीत स्पेनचा दिग्दर्शक कार्लोस सौरा याला जीवनगौरव दिला. तो घ्यायला त्याची मुलगी आली. फेब्रुवारीत स्पेनमध्ये त्याला मानद गोया, म्हणजे तिथला मोठा सिने-पुरस्कार, द्यायचं ठरलं होतं. ११ तारखेला समारंभ होता, १० तारखेला सौरा गेला. कानमध्ये २०१८ साली दिग्दर्शक गोदारची पत्रकार परिषद झाली ती फोनवर. गोदार स्वित्झर्लंडमधल्या घरी, आणि एका माणसानं हातात धरलेल्या छोट्या पडद्यासमोर जगभरचे पत्रकार शिस्तीत रांग लावून, एकेक करून पुढे येऊन त्या फोनला प्रश्न विचारताहेत. सत्यनारायणाच्या प्रसादाची रांग असावी तशी. महोत्सवानं त्याच्यासाठी खास पाम दोर काढला, तोही घ्यायला तो आला नाही. मला वाटतं, हे त्याला बरोबर जमलं होतं. टाळ्या वाजवायला समोर माणूसच ठेवायचा नाही.

मामाला हे सगळं सांगायला हवं होतं. पुण्याला परतलो तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. फोनवर मी फक्त म्हणालो, बेला तारचा सिनेमा पाहिला. 'पाहिला' असंच म्हणालो. त्यानं विचारलं, "झोप लागली का?" मी म्हटलं, "नाही." "मग काय पाहिलास," तो म्हणाला आणि खोकायला लागला.

तो गेल्यावर मामीनं त्याची पुस्तकं घेऊन जायला सांगितलं. पुस्तकांत एक लांबट वही निघाली, बँकेत असते तशी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. आत पेन्सिलीनं आखलेले रकाने. तारीख, सिनेमा, दिग्दर्शक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच अक्षर होतं. मला ते लावायला थोडा वेळ लागला. 'पा' म्हणजे पाहिला. 'झो' म्हणजे झोपलो. 'उ' म्हणजे उठून गेलो.

पानंच्या पानं 'झो'. कारकुनी प्रामाणिकपणा. कुरोसावा बहुतेक सगळे 'पा'. बर्गमन एकही 'झो' नाही, पण दोन 'उ', आणि एका 'उ'पुढे 'डोकं दुखलं, त्याचंच काम ते'. 'लाव्हेन्तुरा'समोर: 'उ. ती पोरगी शेवटपर्यंत सापडत नाही असं शेजारच्यानं सांगितलं.' मी तिथेच जमिनीवर बसून हसत सुटलो. मामी आतून बघून गेली.

मग 'नॉस्टॅल्जिया' शोधायला लागलो. त्याला कारण होतं. तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो मामाबरोबर, अर्काइव्हच्या थिएटरात. त्यातला मेणबत्तीचा प्रसंग मी लोकांना किती वेळा सांगितला असेल याला गणती नाही. इटलीतल्या एका गावातलं गरम पाण्याचं कुंड, पाणी उपसून कोरडं केलेलं, तळाशी चिखल. घरच्या आठवणीनं आजारलेला रशियन कवी पेटती मेणबत्ती घेऊन त्या कुंडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चालत जायला निघतो. मेणबत्ती विझते. तो मागे येतो, पुन्हा पेटवतो, पुन्हा निघतो. पुन्हा विझते. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा तो कोटाच्या आडोशानं, हाताच्या ओंजळीनं ज्योत सांभाळत पलीकडे पोचतो. हे सगळं सुमारे नऊ मिनिटं, मध्ये कुठेही न कापता. अठराव्या वर्षी मी ते पापणी न लवता पाहिलं, शेजारी मामा घोरत होता, असं मी सांगत आलो आहे. एका फिल्म क्लबात भाषणातसुद्धा सांगितलं होतं.

वहीत 'नॉस्टॅल्जिया' तीन ठिकाणी सापडला. पहिली नोंद १९८८ ची. शेरा: 'झो.' दुसरी १९९२ ची. 'झो.'

तिसरी १९९७ ची, ऑगस्टमधला रविवार. इथे अक्षर जरा मोठं आहे, पेन्सिल दाबून लिहिलेली.

'पा. भाचा झोपला.'